डॉक्युमेंटेशनमधल्या तुटलेल्या लिंक्स: शोधायच्या कशा आणि दुरुस्त करायच्या कशा

‘अधिक माहितीसाठी इथे पाहा’ असं वाचून तुम्ही मोबाइलवर लिंक दाबता. कधी ‘४०४’ लिहिलेलं कोरं पान येतं. कधी पान बरोबर असतं, पण ते अगदी वरून सुरू होतं आणि हवा तो भाग शोधत अंगठा दुखेपर्यंत स्क्रोल करत बसावं लागतं. आणि कधी पान उघडतं, नेमक्या जागी जातंसुद्धा, फक्त ती जागा भलतीच असते.

यातला तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. ४०४ दिसलं की निदान कळतं तरी की काहीतरी बिघडलंय. चुकीच्या जागी नेणारी लिंक मात्र बिनबोभाट चुकीची माहिती हातात देते.

सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका, म्हणजे डॉक्युमेंटेशन, लिहिताना एका पानावरून दुसऱ्या पानावर किंवा त्याच पानाच्या दुसऱ्या भागावर नेणाऱ्या अशा लिंकला क्रॉस-रेफरन्स म्हणतात. त्या का तुटतात, कशा शोधायच्या आणि पुन्हा तुटू नयेत म्हणून काय करायचं, ते या लेखात बघू. उदाहरणासाठी स्फिंक्स हे टूल घेतलंय. गिऑर्ग ब्रांडल यांनी ते पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी बनवलं आणि २००८ मध्ये ते पहिल्यांदा आलं. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशनसुद्धा २०१६ पासून स्फिंक्सवर आहे. तुम्ही दुसरं टूल वापरत असाल तरी तत्त्व तेच राहतं.

एक सूचना: खाली कोडमधले शब्द मी देवनागरीत लिहिलेत. तुमच्या फाइलमध्ये ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे.

मी स्वतः केलेली चूक

दोन वर्षांपूर्वी मी आणि कॉलेजचे दोन मित्र मिळून छोट्या दुकानांसाठी हिशोबाचं एक फुकट ॲप बनवत होतो. वापरणारे सगळे मराठी, म्हणून माहितीपुस्तिकाही मराठीत. ती स्फिंक्समध्ये लिहायचं काम माझ्याकडे होतं.

‘बॅकअप’ नावाच्या पानावर दोन भाग होते: ‘बॅकअप घेणे’ आणि ‘बॅकअप परत आणणे’. ‘नवीन फोन घेतलाय?’ या दुसऱ्या पानावरून मला ‘बॅकअप परत आणणे’कडे लिंक द्यायची होती. मी ब्राउझरमध्ये तो भाग उघडला, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला आणि चिकटवला. पत्त्याच्या शेवटी हॅश आणि त्यापुढे ‘आयडी३’ असं होतं. दाबून पाहिलं, बरोबर जागी गेलं. काम झालं.

महिन्याभराने आम्ही ॲपमध्ये नवीन सोय आणली आणि त्या दोन भागांच्या मध्ये एक तिसरा भाग लिहिला: ‘जुने बॅकअप पुसणे’. पुढच्या आठवड्यात एका दुकानदाराचा मेसेज आला, ‘‘दादा, तुम्ही लिहिलंय तसंच केलं, पण सगळं गेलं.’’

त्याने नवीन फोन घेतला होता. माझी लिंक दाबली. ती त्याला थेट ‘जुने बॅकअप पुसणे’वर घेऊन गेली. वर मथळा काय आहे ते न बघता त्याने पायऱ्या एकामागून एक केल्या. त्याची काही चूक नव्हती, पायऱ्या वाचून तशाच करण्यासाठीच तर माहितीपुस्तिका असते. नशीब म्हणून बॅकअप त्याच्या गुगल ड्राइव्हमध्ये होते आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते. आम्ही फोनवर बोलत बोलत ती परत आणली. तो महिनाभर थांबून मेसेज करता, तर त्याच्या उधारीची सगळी वही गेली असती.

आमच्या कोडमध्ये एकही बग नव्हता. स्फिंक्सनेही एकही वॉर्निंग दिली नव्हती. मग झालं काय?

लिंकचे दोन भाग समजून घ्या

पत्त्यातल्या हॅशच्या आधीचा भाग पानाचा असतो, हॅशच्या नंतरचा भाग त्या पानावरच्या जागेचा. या दुसऱ्या भागाला फ्रॅगमेंट किंवा बोलीभाषेत अँकर म्हणतात.

आता महत्त्वाची गोष्ट. ब्राउझर सर्व्हरला पान मागतो तेव्हा हॅशनंतरचा भाग पाठवतच नाही. पान आल्यावर तो स्वतःच त्यात ती जागा शोधतो. जागा सापडली नाही तर कुठलाही एरर न दाखवता पान वरून सुरू करतो. म्हणून अँकर तुटला तरी ४०४ कधीच येत नाही, सर्व्हरच्या लॉगमध्येही काही दिसत नाही. तक्रार करणारं कुणी नसतं, वाचकाशिवाय.

मराठी मथळ्यांचा खास सापळा

स्फिंक्स प्रत्येक मथळ्यासाठी आपोआप अँकर बनवतं. इंग्रजी मथळा असेल तर त्याच्याच अक्षरांपासून. पण हे काम करणारी डॉकयुटिल्स ही लायब्ररी अँकरमध्ये फक्त साधी रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ ठेवते, बाकी सगळं गाळते. पूर्ण देवनागरी मथळ्यातलं सगळंच गळतं, मागे काहीच उरत नाही. मग ती सरळ क्रमांक देते: आयडी१, आयडी२, आयडी३.

माझ्या पानाचा मुख्य मथळा आयडी१ होता, ‘बॅकअप घेणे’ आयडी२ आणि ‘बॅकअप परत आणणे’ आयडी३. मधे नवीन भाग घुसवल्यावर आयडी३ त्याच्याकडे गेला आणि ‘परत आणणे’ आयडी४ झाला. रांगेत मधे कुणी शिरलं की मागच्यांचे नंबर बदलतात, तसंच. माझी लिंक मात्र अजून तिसऱ्या नंबरलाच हाक मारत होती.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. चिनी, हिंदी, मराठी अशा भाषांत लिहिणाऱ्याला होतो. म्हणून मराठीत डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याने आपोआप बनलेल्या अँकरवर कधीच विसंबू नये.

उपाय: जागेला नाव द्या

स्फिंक्समध्ये मथळ्याच्या वर लेबल लिहिता येतं. दोन टिंबं, एक स्पेस, अंडरस्कोअर, लेबलचं नाव आणि शेवटी कोलन. मग एक ओळ मोकळी सोडून मथळा:

.. _बॅकअप-रिस्टोअर:

बॅकअप परत आणणे
==================

आणि दुसऱ्या कुठल्याही पानावरून तिकडे जायचं असेल तर:

:रेफ:`बॅकअप-रिस्टोअर`

आता पानाची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, मथळा बदला, मधे चार भाग घुसवा, लिंक त्या लेबलपाशीच जाणार. शिवाय लिंकचा मजकूर स्फिंक्स मथळ्यातून स्वतः उचलतं, म्हणजे मथळा बदलला की तोही बदलतो. आणि लेबल कुणी उडवलं तर बिल्ड करताना ‘अनडिफाइन्ड लेबल’ अशी वॉर्निंग येते. चूक वाचकाआधी तुम्हाला कळते. माझ्या हाताने चिकटवलेल्या पत्त्याच्या बाबतीत हेच होऊ शकत नव्हतं, कारण स्फिंक्सच्या दृष्टीने तो नुसता एक पत्ता होता, तपासण्याची गोष्ट नव्हती.

इथे नवीन माणूस हमखास चार चुका करतो:

१. लेबल देवनागरीत लिहितो. लिंक चालते, पण अँकर पुन्हा क्रमांकाचाच बनतो आणि बाहेरून कुणी दिलेल्या लिंक पुन्हा तुटतात. लेबल रोमन अक्षरांतच ठेवा.

२. लिंक देतानाही अंडरस्कोअर लावतो. अंडरस्कोअर फक्त लेबल ठेवताना, लिंक देताना नाही.

३. लेबल आणि मथळा यांच्या मधे एखादा परिच्छेद येतो. मग स्फिंक्सला लिंकसाठी मजकूर सापडत नाही. लेबल मथळ्याच्या लगेच वर हवं, नाहीतर लिंकमध्ये मजकूर स्वतः द्यावा लागतो.

४. एकच लेबल दोन पानांवर ठेवतो. लेबल पूर्ण प्रोजेक्टमध्ये एकमेव असावं लागतं. म्हणून नुसतं ‘इंट्रो’ किंवा ‘सेटअप’ असं नाव देऊ नका, पुढे पानाचं नाव जोडा.

पूर्ण पानाकडेच लिंक द्यायची असेल तर ‘रेफ’ऐवजी ‘डॉक’ वापरा आणि फाइलचं नाव एक्स्टेन्शनशिवाय लिहा. फाइल हलली तर ‘अननोन डॉक्युमेंट’ अशी वॉर्निंग मिळते.

आधीच तुटलेल्या लिंक्स शोधायच्या कशा

समजा तुमच्याकडे शंभरेक पानांचं जुनं डॉक्युमेंटेशन आलंय. या क्रमाने जा.

पहिली पायरी: स्वच्छ बिल्ड करा. स्फिंक्स वेळ वाचवण्यासाठी फक्त बदललेली पानं पुन्हा बनवतं. त्यामुळे न बदललेल्या पानांवरच्या वॉर्निंग दुसऱ्या वेळी दिसत नाहीत आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक झालं. आधी ‘मेक क्लीन’, मग बिल्ड. शेवटी ‘बिल्ड सक्सीडेड’ असं येतं, त्यापुढे वॉर्निंगची संख्या असते. आपण ‘सक्सीडेड’ वाचून लॅपटॉप बंद करतो. ती संख्या वाचा.

दुसरी पायरी: निटपिकी मोड चालू करा. ‘रेफ’ आणि ‘डॉक’ चुकले तर स्फिंक्स सांगतं, पण फंक्शन, क्लास, मेथड यांच्याकडे दिलेली लिंक चुकली तर ते मुळात गप्प बसतं. कोडमध्ये फंक्शनचं नाव बदललं, डॉक्युमेंटेशनमध्ये जुनंच राहिलं, की लिंक बनतच नाही; नाव साध्या कोडच्या अक्षरांत छापलं जातं. दिसायला सगळं नीटनेटकं, दाबायला काही नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये, म्हणजे कॉन्फ डॉट पीवायमध्ये, ‘निटपिकी = ट्रू’ लिहा. पहिल्या वेळी वॉर्निंगचा पूर येईल. घाबरू नका, पुष्कळदा एकाच चुकीच्या नावाच्या पन्नास वॉर्निंग असतात.

तिसरी पायरी: दुसऱ्या प्रोजेक्टची नावं ओळखायला शिकवा. तुमच्या पानावर पायथॉनच्या एखाद्या क्लासचा उल्लेख असेल तर स्फिंक्सला तो तुमच्या प्रोजेक्टमध्ये सापडणार नाहीच. त्यासाठी इंटरस्फिंक्स हे एक्स्टेन्शन आहे. स्फिंक्सवर बनलेली प्रत्येक साइट आपल्या सगळ्या नावांची यादी ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ या फाइलमध्ये ठेवते. इंटरस्फिंक्स ती यादी आणतं आणि त्यावरून लिंक बनवतं. त्या साइटने पानं हलवली तरी पुढच्या बिल्डमध्ये तुमची लिंक नवीन जागी जाते. एवढं करूनही जी नावं कुठेच सापडणार नाहीत, तेवढीच ‘निटपिक इग्नोर’च्या यादीत टाका. वॉर्निंग नको म्हणून सगळीच तिथे कोंबली तर निटपिकी चालू करण्यात अर्थच राहत नाही.

चौथी पायरी: हाताने चिकटवलेले पत्ते शोधा. सगळ्या फाइलमध्ये ‘एचटीएमएल’ आणि त्याला जोडून हॅश असं सर्च करा. तुमच्याच साइटच्या पूर्ण पत्त्याचाही सर्च करा. जे सापडेल ते ‘रेफ’मध्ये बदला. माझ्या पुस्तिकेत असे अकरा पत्ते निघाले. त्यातले चार आधीच चुकीच्या भागाकडे जात होते आणि त्याबद्दल एकाही वाचकाने कळवलं नव्हतं.

पाचवी पायरी: बाहेरच्या लिंक तपासा. ‘मेक लिंकचेक’ ही कमांड प्रत्येक बाहेरचा पत्ता उघडून बघते, अँकरसकट. पण तिचा निकाल डोळे मिटून मानू नका. काही साइट्स मशीनला आत घेत नाहीत आणि ४०३ देतात, काही फार वेळा विचारलं की ४२९ देतात. ज्या पानाचा मजकूर जावास्क्रिप्टने नंतर भरतो, तिथला अँकर सापडत नाही. अशा लिंक एकदा हाताने उघडून बघा. ‘कायमचं हललंय’ असा निकाल आला तर नवीन पत्ता टाका, तो जुना रीडायरेक्ट किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

बाहेरच्या लिंक तुटणं ही किरकोळ गोष्ट नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. पान कायमचं गेलं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची जुनी प्रत मिळते का बघा आणि तिची लिंक द्या. आणि जी माहिती वाचकाला कामासाठी लागणारच आहे, ती दोन ओळींत स्वतःच्या पानावरही लिहा.

तुम्ही पानं हलवता तेव्हा

आपल्या साइटमधल्या लिंक दुरुस्त झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. तुमच्या पानाची लिंक कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली असते, कुणी बुकमार्क केलेली असते. त्या तुमच्या हातात नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत.

बदलणं टळतच नसेल तर दोन गोष्टी करा. पान हललं असेल तर जुन्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट ठेवा. ब्राउझर आणि सर्च इंजिन दोघांनाही त्यातून कळतं की पान कायमचं हललं. मात्र अँकरसाठी हा उपाय चालत नाही, कारण वर बघितलं तसं, हॅशनंतरचा भाग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. त्यावर सोपा इलाज आहे. नवीन लेबल लिहा, पण जुनं काढू नका. एका मथळ्यावर एकाखाली एक दोन-तीन लेबलं ठेवता येतात आणि प्रत्येकाचा अँकर चालू राहतो.

अनुवाद करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. इंग्रजी डॉक्युमेंटेशन मराठीत आणताना लिंकमध्ये दिसणारा मजकूर बदला, टोकदार कंसातलं लेबल जसंच्या तसं ठेवा. लेबलचं भाषांतर केलं की लिंक गेलीच म्हणून समजा.

मार्कडाउन वापरत असाल तर

गिटहबवरच्या रीडमी फाइलमध्ये अँकर मथळ्याच्या मजकुरावरूनच बनतो: इंग्रजी अक्षरं लहान होतात, स्पेसच्या जागी आडवी रेघ येते, बहुतेक विरामचिन्हं गळतात. तिथे देवनागरी अक्षरं टिकतात, म्हणजे क्रमांकाचा त्रास नाही. पण मथळ्यातला एक काना बदलला तरी अँकर बदलतो. एकाच पानावर एकच मथळा दोनदा आला तर दुसऱ्याला शेपटीला १ लागतो.

फाइलच्या नावाचं एक दुखणं सगळीकडे सारखं आहे. विंडोज लहान-मोठ्या लिपीत सहसा फरक करत नाही, लिनक्सचा सर्व्हर करतो. ‘सेटअप’मधला एस फाइलमध्ये मोठा आणि लिंकमध्ये लहान असेल तर लिंक तुमच्या लॅपटॉपवर चालेल आणि साइटवर ४०४ देईल. फाइलची नावं कायम लहान लिपीत ठेवा. डॉक्युसॉरस हे टूल मुळातच तुटलेली अंतर्गत लिंक दिसली की प्रॉडक्शन बिल्ड थांबवतं. मेकडॉक्समध्ये स्ट्रिक्ट मोड चालू करावा लागतो.

पुन्हा तुटू नये म्हणून

एकदा बसून सगळं साफ केलं आणि पुढे लक्ष दिलं नाही, तर सहा महिन्यांत परिस्थिती जैसे थे. म्हणून तपासणी माणसाच्या आठवणीवर सोडू नका. स्फिंक्सच्या बिल्ड कमांडला वजा चिन्ह आणि मोठा डब्ल्यू असा पर्याय दिला की प्रत्येक वॉर्निंग एरर ठरते. पहिल्याच चुकीवर न थांबता सगळ्या चुकांची यादी एकदम मिळावी म्हणून स्फिंक्सच्या जुन्या आवृत्त्यांत ‘कीप-गोइंग’ हा पर्याय जोडावा लागायचा; नव्या आवृत्त्यांत ते आपोआप होतं. ही कमांड गिटहब ॲक्शन्ससारख्या ठिकाणी लावा. मग तुटलेली लिंक असलेला बदल पास होत नाही आणि तो मर्ज करण्याआधीच सगळ्यांना दिसतो. लिंकचेक मात्र प्रत्येक बदलाला चालवू नका. दुसऱ्याची साइट बंद पडली म्हणून तुमचं काम अडायला नको. तो आठवड्यातून एकदा आपोआप चालेल असं ठेवा.

मोबाइलवरून सुरुवात करता येते

ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान द्यायचंय पण कोडची भीती वाटते? तुटलेली लिंक दुरुस्त करणं ही उत्तम सुरुवात आहे. गिटहब फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, फाइलवर पेन्सिलचं चिन्ह दाबा, लिंक सुधारा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. सोबत दोन वाक्यं लिहा: जुनी लिंक कुठे नेत होती आणि नवीन कुठे नेते. पाठवण्याआधी नवीन लिंक स्वतः दाबून, ती नेमक्या मथळ्यावर थांबते का ते बघा. नुसतं पान उघडलं म्हणून समाधान मानू नका.

त्या दुकानदाराच्या प्रकरणानंतर मी स्वतःपुरता एक बदल आणखी केला. ज्या भागात पुसणं, बदलणं, रद्द करणं अशा मागे न फिरता येणाऱ्या पायऱ्या आहेत, तिथे पहिल्याच पायरीत लिहितो: ‘हा भाग बॅकअप पुसण्याचा आहे. परत आणायचा असेल तर इथे जा.’ आणि तिथली लिंक अर्थातच ‘रेफ’ची आहे.